इंधनाचा नीरक्षीरविवेक

(धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी, वाहनधारक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



धाराशिव जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत झळकते ते बहुधा पाण्याच्या दुर्भिक्ष्यापायी. बालाघाटच्या रांगांच्या आधाराने वसलेला हा प्रदेश अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखला जातो. शेजारच्या लातूर शहराला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यात या जिल्ह्यातील गावेही टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. अशा या जिल्ह्यावर सप्टेंबर 2025 मध्ये पर्जन्यराजाने उलटाच कोप केला. भूम आणि परंडा तालुक्यांत नद्या-नाले पात्र सोडून वाहिले, माणसांना वेढ्यातून बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले. सोयाबीन पाण्याखाली गेले, जनावरे दगावली, काही शिवारांतली मातीसुद्धा खरवडून गेली.

पूर ओसरला की शेतकरी आधी गोठ्याकडे धावतो आणि मग ट्रॅक्टरकडे. ट्रॅक्टरवर कर्जाचे हप्ते असतात, रब्बीची पेरणी तोंडावर असते. चिखल पुसायचा, आसनावर बसायचे आणि किल्ली फिरवून पाहायची, हा मनुष्यस्वभाव झाला. परंतु नेमकी हीच किल्ली घात करते. इंजिनच्या नळकांड्यात हवा दाबली जावी अशी रचना असते. हवा दबते, पाणी दबत नाही. नळकांड्यात पाणी शिरलेले असताना स्टार्टर फिरवला, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साफसफाई आणि तेलबदल यांवर भागले असते, तिथे संपूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते. पुरात बुडालेल्या वाहनाची बॅटरी आधी सोडवावी, किल्लीला हात लावू नये आणि मिस्त्री येईपर्यंत धीर धरावा, एवढी एक गोष्ट पाळली तरी पुष्कळ नुकसान टळते.

नळकांड्यातले पाणी मिस्त्री काढतो, डबडबलेले इंजिन ऑईल दुधाळ दिसते म्हणून तेही बदलले जाते. टाकीचा मात्र अनेकदा विसर पडतो. प्रत्येक टाकीला हवा आत-बाहेर होण्यासाठी बारीक छिद्र किंवा नळी असते. पुराचे पाणी त्या वाटेने टाकीत उतरते आणि डिझेलखाली जाऊन गुपचूप बसते. चार दिवसांनी, नांगर ऐन तासात असताना, ट्रॅक्टर धापा टाकून थांबतो.

पुराचे पाणी निदान डोळ्यांना दिसलेले असते. आजचा विषय त्यापेक्षा अधिक त्या पाण्याचा आहे, जे पूर नसतानाही, वर्षाचे बाराही महिने, थेंबाथेंबाने इंधनात शिरत असते. ते वेगळे कसे करायचे?

आपल्या साहित्यात हंसाला नीरक्षीरविवेकाचे वरदान दिलेले आहे. दुधात पाणी मिसळले तरी हंस दूध तेवढे घेतो, अशी ती कल्पना. इंधनाच्या बाबतीत या हंसाला दोन निरनिराळ्या परीक्षा द्याव्या लागतात. एक सोपी, तेल आणि पाणी वेगळे करण्याची; ही डिझेलची. दुसरी खरोखरच दूध आणि पाणी वेगळे करण्याइतकी अवघड, ही इथेनॉलची. आणि योगायोग असा की, दोन्ही परीक्षा धाराशिव जिल्ह्यात रोज होतात. पहिली शेताच्या बांधावर, दुसरी साखर कारखान्यात.

आधी बांधावरची पाहू.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, एक लिटर डिझेलचे सुमारे 830 ग्रॅम. डिझेल हलके, पाणी जड. म्हणून दोन्ही एका भांड्यात ठेवले तर पाणी खाली बसते. हे लहान मुलालाही ठाऊक आहे. परंतु किती वेळात बसते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. द्रवातून खाली जाणाऱ्या बारीक थेंबाचा वेग कसा ठरतो, याचे गणित जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 मध्ये मांडले. त्यानुसार थेंबाचा व्यास निम्मा झाला की वेग एक चतुर्थांश होतो. व्यास दहाव्या हिश्श्यावर आला की वेग शंभराव्या हिश्श्यावर येतो. डिझेलला हे गणित लावले तर असे दिसते की, केसाच्या जाडीएवढा, म्हणजे एक दशांश मिलीमीटरचा पाण्याचा थेंब वीतभर खाली जायला दहा-बारा मिनिटे घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा थेंब तेवढेच अंतर कापायला जवळजवळ अख्खा दिवस घेतो.

आता कॅनमध्ये डिझेल आणले, दुचाकीवरून खडखडत्या रस्त्याने शेतात नेले आणि तसेच टाकीत ओतले, तर काय होईल याची कल्पना करावी. तळाचे पाणी हेलकाव्यांनी फुटून धुळीसारखे बारीक होते आणि डिझेलमध्ये तरंगत राहते. जुने ऑईल इंजिन चालवणारी मंडळी डिझेलचे पिंप आणल्यावर त्याला रात्रभर हात लावू देत नसत, आणि तळचे चार बोटे डिझेल कधीच इंजिनात घालत नसत. त्यांना स्टोक्सचे नाव ठाऊक नव्हते. पण शास्त्र तेच होते.

पाणी येते कुठून? पहिला संशय पेट्रोलपंपावर घेतला जातो. तो सर्वस्वी चुकीचा नाही; भूमिगत टाकीच्या झाकणातून पावसाचे पाणी झिरपू शकते, म्हणूनच पंपचालकाला मोजपट्टीला विशिष्ट लेप लावून टाकीच्या तळाचे पाणी तपासावे लागते आणि पाणी लागले की त्या लेपाचा रंग बदलतो. पण पुष्कळदा चोर घरातच असतो. अंगणात उभे ठेवलेले दोनशे लिटरचे पिंप हे त्याचे नाव. पावसाचे पाणी पिंपाच्या वरच्या पत्र्यावर साचते. दिवसा ऊन लागले की आतली हवा प्रसरण पावून बुचाच्या आट्यांतून बाहेर जाते. रात्री गारवा झाला की पिंप श्वास आत ओढते आणि हवेबरोबर बुचाभोवती साचलेले पाणीही ओढून घेते. बूच घट्ट आहे, मग पाणी आले कुठून, असा प्रश्न पडून माणूस डिझेल विकणाऱ्याशी भांडायला जातो. उपाय अगदी साधा आहे. पिंप छपराखाली ठेवावे. छप्पर नसेल तर आडवे ठेवावे आणि दोन्ही बुचे घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी येतील असे पाहावे. बुचांना आतून डिझेलचा स्पर्श असला की बाहेरची हवा आणि पाणी आत येत नाही.

टाकीतील दवाविषयीही बरेच बोलले जाते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की हवेतील बाष्प आतल्या भिंतींवर जमते, हे खरे. पण त्याचा हिशेब करून पाहावा. साठ लिटरची टाकी, त्यातली तीस लिटर जागा मोकळी. पावसाळ्यात तीस अंशाची बाष्पाने भरलेली हवा वीस अंशांवर आली, तर त्या तीस लिटर हवेतून अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी सुटत नाही. म्हणजे एका रात्रीचा बाऊ करण्याचे कारण नाही. परंतु पावसाळ्याच्या चार महिन्यांतल्या रात्री मोजल्या तर हे पाणी चाळीस-पन्नास ग्रॅम होते, अर्धा कप चहाएवढे. बीएस-6 दर्जाच्या डिझेलमध्ये किलोमागे 200 मिलीग्रॅमपेक्षा अधिक पाणी असू नये असे मानक आहे. साठ लिटरच्या भरलेल्या टाकीला हे माप लावले तर जेमतेम दोन चमचे पाणी होते. दोन चमचे ही मर्यादा, तिथे अर्धा कप! संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घरात हा अर्धा कप साठतच नाही, कारण मोकळी जागाच उरत नाही.

या पाण्याने बिघडते काय? डिझेल इंजिनचा पंप आणि इंजेक्टर यांना वंगण दुसऱ्या कोणाचे मिळत नाही, ते डिझेलचेच मिळते. डिझेलच्या जागी पाणी आले की घासणाऱ्या पृष्ठभागांमधला तेलाचा पडदा फाटतो. गंज धरतो तो निराळाच. इंजेक्टरच्या तापलेल्या टोकाशी पाण्याचा थेंब गेला तर क्षणात त्याची वाफ होते आणि टोकाला इजा पोहोचते. शिवाय डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढतात. हे जीव पाण्यात राहतात आणि डिझेल खातात. फिल्टर उघडल्यावर काळपट, बुळबुळीत, शेवाळासारखा थर हाताला लागतो, तो पुष्कळदा त्यांचाच असतो. भेसळीचा संशय अशा वेळी चटकन येतो, पण भेसळ बाहेरून झालेलीच असते असे नाही.

हे सारे पूर्वीही होत होते. मग पूर्वीची इंजिने कशी चालली, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात आणि तो रास्त आहे. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना झाली, 1951 मध्ये बंगळूरची मायको कंपनी उभी राहिली. पुढे कित्येक दशके विहिरीवरची किर्लोस्कर आणि ट्रॅक्टरवरचा मायको पंप ही खेड्यापाड्यांत घरगुती नावे होऊन बसली. त्या पंपांत डिझेलचा फवारा सुमारे दोनशे बार दाबाने उडे. म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या दोनशे पट. ही यंत्रे थोडेफार पाणी पचवीत. आजच्या कॉमन रेल पद्धतीत हा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि सुट्या भागांमधली फट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलीमीटरच्या हजाराव्या हिश्श्यात, मोजावी लागते. वाहनांना एप्रिल 2020 पासून बीएस-6 ची मानके लागू झाली. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना जानेवारी 2023 पासून ट्रेम-4 ची मानके आली आणि त्यांच्याबरोबर ही नाजूक इंधनप्रणाली बांधावर येऊन पोहोचली. धूर कमी झाला, डिझेलची बचत झाली. पण जुन्या इंजिनाचा सोशिकपणा तिच्यात नाही. हे लक्षात न घेता जुन्याच सवयीने नवे यंत्र वापरले जाते, आणि मग नव्या यंत्रांना नावे ठेवली जातात.

या नाजूक यंत्राचा द्वारपाल म्हणजे वॉटर सेपरेटर. टाकी आणि पंप यांच्यामध्ये बसवलेला, खाली काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची वाटी असलेला हा छोटासा डबा. डिझेल आत शिरताना त्याला वळण दिले जाते, त्याचा वेग मंदावतो आणि मोठे थेंब खाली वाटीत पडतात. बारीक थेंबांसाठी आत तंतूंचा थर असतो. डिझेल त्यातून जाताना पाण्याचे सूक्ष्म कण तंतूंना अडकतात, एकमेकांना भेटतात, एकजीव होऊन मोठे होतात आणि मग आपल्याच भाराने खाली येतात. स्टोक्सच्या गणितावर माणसाने काढलेली ही तोड आहे. थेंब लहान म्हणून बसत नाही ना, मग त्याला मोठा करा! त्यापुढे पाण्याला नकार देणारा, डिझेलला मात्र वाट देणारा कागद असतो. काही रचनांत वाटीच्या तळाशी दोन बारीक विद्युत्-टोके बसवलेली असतात. डिझेलमधून वीज जवळजवळ वाहत नाही, साचलेल्या पाण्यातून वाहते. पाणी टोकांपर्यंत चढले की चालकासमोर दिवा लागतो.

हा दिवा लागल्यावर काय केले जाते, हे मात्र सांगण्यासारखे नाही. किल्ली बंद करून पुन्हा चालू केली जाते, दिवा विझतो का ते पाहण्यासाठी. ऊसवाहतुकीच्या हंगामात कारखान्याच्या रांगेत नंबर लागलेला असतो, तेव्हा थांबणार कोण? वास्तविक काम पाच मिनिटांचे आहे. इंजिन बंद करावे, वाटीखाली भांडे धरावे, तळाचा स्क्रू सैल करावा. आधी स्वच्छ पाणी येईल, मग गढूळ मिश्रण येईल, मग अखंड पिवळसर डिझेल येऊ लागेल. तेव्हा स्क्रू आवळावा. काही इंजिनांत त्यानंतर हातपंपाने हवा काढावी लागते. पावसाळ्यात रोज सकाळी पहिली किल्ली फिरवण्यापूर्वी हे केलेले बरे. रात्रभर हलचाल नसल्याने पाणी नीट खाली बसलेले असते. संध्याकाळी, दिवसभर घुसळलेल्या डिझेलवर हे काम करण्यात अर्थ नाही.

विमानतळावर हीच गोष्ट धर्मकृत्यासारखी पाळली जाते. विमानाच्या टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी आहे का हे पाहिले जाते. तरीही 17 जानेवारी 2008 रोजी बीजिंगहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग 777 लंडनच्या हीथ्रो विमानतळाच्या धावपट्टीअलीकडेच कोसळले. इंधनातले पाणी मर्यादेतच होते, पण दीर्घ प्रवासातील कडाक्याच्या थंडीत त्याचे बर्फ झाले आणि त्या बर्फाने ऐन उतरताना इंधनाची वाट अडवली. विमानातील सर्वच्या सर्व 152 जण वाचले.

आता दुसरी, दूध-पाण्याची परीक्षा.

पेट्रोलच्या टाकीतही पूर्वी पाणी शिरले तर ते तळाशी बसत असे. मोटारसायकल थांबली की मिस्त्री कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडी, चार थेंब पाणी गळे आणि गाडी चालू होई. इथेनॉल आल्यावर हा खेळ बदलला. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प 2001 मध्ये सुरू झाले, त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. अटलजींच्या पंतप्रधानपदाच्या काळात, 2003 पासून, नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाची योजना अमलात आली. पुढे दशकभर ती रेंगाळली. 2013-14 मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. त्यानंतर मात्र वेग आला. जून 2022 मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला, फेब्रुवारी 2023 मध्ये ई-20 पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि 2025 मध्ये वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पूर्ण झाले. आज साध्या दुचाकीच्या टाकीत जाणाऱ्या पेट्रोलचा पाचवा हिस्सा शेतातून आलेला असतो. त्यात उसाचाही वाटा असतो, आणि धाराशिव हा ऊस गाळणाऱ्या कारखान्यांचा जिल्हा आहे.

इथेनॉल पाण्याचे मित्र आहे. थोडे पाणी आले तर ते खाली बसू देत नाही, आपल्यात सामावून घेते. दहा टक्के इथेनॉल असलेले एक लिटर पेट्रोल साधारण पंधरा अंश तापमानाला पाच मिलिलिटरपर्यंत पाणी पोटात ठेवू शकते, तर निव्वळ पेट्रोलला त्याचा अल्पांशही झेपत नाही. इथेनॉलचे प्रमाण वाढले की ही सहनशक्तीही वाढते. तेव्हा टाकीतील दवाच्या दृष्टीने ई-20 पेट्रोल अधिक उदार म्हटले पाहिजे. ते वाफेच्या रूपातले पाणी इंजिनाबाहेर घेऊन जाते. परंतु उदारपणालाही मर्यादा असते. ती ओलांडली, किंवा थंडीने ती मर्यादाच खाली आली, की पाणी एकटे खाली बसत नाही. मित्राला, म्हणजे इथेनॉलला, हाताला धरून खाली नेते. तळाशी पाणी आणि इथेनॉल यांचा थर, वर ऑक्टेन कमी झालेले पेट्रोल. तळाच्या थराने इंजिन चालत नाही, वरच्या थराने नीट चालत नाही. येथे स्क्रू सोडून चार थेंब गाळण्याने भागत नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, कोरडी करून नव्याने भरावी लागते. पुरात उभ्या राहिलेल्या दुचाकीचे पेट्रोल टिकवण्याचा लोभ म्हणूनच सोडावा. महिनोन्महिने न वापरलेल्या गाडीत अर्धी टाकी ठेवण्याचाही.

या इथेनॉलमधले पाणी आधी कारखान्यात काढावे लागते, आणि ती कथा विलक्षण आहे. मळी किंवा उसाचा रस आंबवल्यावर जे द्रावण मिळते, त्यात इथेनॉल दहा टक्क्यांच्या आसपास असते, बाकी बहुतांश पाणी. ते तापवले की इथेनॉलची वाफ आधी सुटते. ती थंड करून पुन्हा तापवायची, असे करत शुद्धता वाढवता येते. परंतु वजनाने 95.6 टक्क्यांवर ही वाट बंद होते. त्या प्रमाणात इथेनॉल आणि पाणी एकत्रच उकळतात आणि वाफेतही त्याच प्रमाणात राहतात. कितीही इंधन जाळले, कितीही उंच मनोरा उभारला, तरी साध्या ऊर्ध्वपातनाने शेवटचे ते साडेचार टक्के पाणी सुटत नाही. आणि पेट्रोलमध्ये मिसळायचे तर साडेनव्याण्णव टक्के शुद्ध इथेनॉल लागते! सिडनी यंग या रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये बेंझिनच्या साहाय्याने हे पाणी काढण्याची युक्ती शोधली. पण बेंझिन कर्करोगकारक.

आजचा मार्ग झिओलाइटचा आहे. झिओलाइट म्हणजे सूक्ष्म छिद्रांनी भरलेला दगड. क्रोन्स्टेड या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने 1756 मध्ये हा दगड तापवला, तेव्हा त्यातून वाफ उसळली. त्याने त्याला उकळणारा दगड अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. निसर्गातले उत्कृष्ट झिओलाइट महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत सापडतात, पुणे-नाशिककडच्या खाणींतले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. कारखान्यात वापरतात ते कृत्रिम झिओलाइट. त्याचे प्रत्येक छिद्र तीन अँगस्ट्रॉमचे, म्हणजे मिलीमीटरचे एक कोटी भाग केले तर त्यांतील तीन भागांएवढे. पाण्याचा रेणू 2.8 अँगस्ट्रॉमचा, तो आत शिरतो आणि अडकतो. इथेनॉलचा 4.4 अँगस्ट्रॉमचा, तो दारातूनच परत फिरतो. अशा दाण्यांनी भरलेल्या दोन टाक्या शेजारी शेजारी उभ्या असतात. एक पाणी शोषते तेव्हा दुसरी दाब कमी करून शोषलेले पाणी सोडते, मग पाळी बदलते. हंसाला जे कवीने दिले, ते या दगडाला निसर्गाने दिले आहे.

आणि याच टाक्यांनी या जिल्ह्याला एक दिवस वेगळेच काही दिले. 2021 च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूवाचून माणसे तडफडत होती. नातेवाईक सिलिंडर शोधत गावोगाव फिरत होते. त्या दिवसांत कळंब तालुक्यातील चोराखळी येथील धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पातील यंत्रणा प्राणवायूच्या निर्मितीकडे वळवली. तत्त्व एकच होते. पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या जागी नायट्रोजन शोषणारे झिओलाइट भरायचे आणि इथेनॉलच्या वाफेऐवजी दाबलेली हवा सोडायची. दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, उरतो तो प्राणवायू. साखर कारखान्यात असा प्रयोग देशात प्रथम इथे झाला, अशी त्याची नोंद झाली. टँकरने पाणी पिणाऱ्या जिल्ह्यातील एका खेड्यात, इंधनातून पाणी वेगळे करण्याची विद्या अंगात मुरलेल्या तंत्रज्ञांनी ते करून दाखवले. या गोष्टीचा गवगवा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

मात्र याच कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नीती आयोगाने 2021 मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे 2860 लिटर पाणी लागते असे नमूद आहे. शेवटचे साडेचार टक्के पाणी काढण्यासाठी एवढा खटाटोप, आणि त्या एका लिटरमागे शेतात ओतलेले पाणी असे! परकीय तेलावरचे परावलंबन कमी होणे हे राष्ट्रहिताचे आहे, उसाला खात्रीचा भाव मिळणे हेही शेतकऱ्याच्या हिताचे आहे. पण तेरणा आणि मांजरा यांच्या खोऱ्यात उसाला पाटाने पाणी द्यायचे की ठिबकने, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, उलट अधिक टोकदार होतो. मका आणि खराब झालेले धान्य यांपासूनही इथेनॉल होते. कोरडवाहू तालुक्यांनी त्या दिशेने विचार करायला हरकत नाही.

जाता जाता एक बारीकशी, पण घराघरात चुकणारी गोष्ट. वाटीतून काढलेले पाणी, पुरानंतर टाकीतून उपसलेले मिश्रण, फिल्टर धुतलेले डिझेल हे सगळे टाकायचे कुठे? सर्रास ते विहिरीच्या कडेला, गोठ्यामागे किंवा ओढ्यात ओतले जाते. डिझेलचा लहानसा अंशही पाण्याला वास आणतो आणि खडकाच्या भेगांतून उतरलेले डिझेल विहिरीतून परत काढता येत नाही. बालाघाटचा खडक भेगाळलेला आहे. इथे वर सांडलेले खाली पोहोचायला वेळ लागत नाही. त्यासाठी झाकणाचा एक जुना कॅन बाजूला ठेवावा, त्यावर रंगाने मोठी खूण करावी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी तो ठेवावा. डिझेल आणि पेट्रोल एका कॅनमध्ये ओतू नये, पेट्रोलचा कॅन निराळा असावा आणि चुलीपासून, दिव्यापासून लांब असावा. डिझेलच्या कॅनमधले मिश्रण दोन दिवस स्थिर राहिले की वर डिझेल, खाली पाणी असे आपोआप होते. वरचे डिझेल इंजिनात परत घालू नये. अवजारांचा गंज काढायला, साखळ्या धुवायला ते उपयोगी पडते. खालचे तेलकट पाणी, जुने इंजिन ऑईल आणि वापरलेले फिल्टर गॅरेजवाल्याकडे द्यावेत. वापरलेले तेल अधिकृतपणे गोळा करणारे लोक त्याच्याकडे येत असतात. येत नसतील, तर गावातल्या चार ट्रॅक्टरवाल्यांनी मिळून त्यांना बोलवून घ्यावे.